मतदानात भिगवण जिंकलं, ग्रुप गेला मेणवलीला

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भेटायचं, एवढं नक्की होतं. कुठे, ते ठरवायला ग्रुपवर पोल टाकला आणि रात्रीतून निकालही लागला. भिगवणला चौदा मतं, लोणारला सहा, वाई-मेणवलीला चार, निघोजला दोन, कासला एक. सगळ्यांना वाटलं, विषय मिटला. प्रत्यक्षात आम्ही गेलो ते चार मतं मिळालेल्या गावी, तेही ठरल्या दिवशी नाही. तरीही ग्रुप फुटला नाही. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण पोल घेऊन ठिकाण ठरवायची पद्धत बहुतेक फोटोग्राफी ग्रुपांत आहे आणि ती कुठे तोकडी पडते ते या प्रकरणात चांगलं दिसलं.

ग्रुप पुण्यातला, हौशी. आयटीतली मंडळी, दोन-तीन निवृत्त काका, एक दंतवैद्य ताई, इंजिनिअरिंगची काही मुलं, शिवाय गेल्या वर्षभरात आलेल्या आणि फक्त मोबाइलवर फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणी. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर पडायचं, दिवसभर फोटो काढायचे, आठवड्याने कुणाच्या तरी घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून ते बघायचे, असा शिरस्ता.

पोलमधलं कासचं एकुलतं मत आधी निकालात काढू. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते खरं, पण तिथली फुलं ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. जानेवारीत तिथे वाळकं गवत आणि जांभा. मत देणाऱ्याने तसं कबूलही केलं, "फोटो छान असतात म्हणून टिक केलं." मला वाटतं पोलची सगळी मेख या वाक्यात आहे. नाव वाचलं की डोळ्यांपुढे येतो तो कुणीतरी, कधीतरी, चांगल्या उजेडात काढलेला फोटो. मत त्या फोटोला पडतं. आपण जाणार त्या तारखेला, आपल्याकडच्या लेन्सने, आपल्यासारख्या सत्तावीस जणांच्या गर्दीत तिथे काय मिळेल, हे कुणी विचारलेलंच नसतं.

ते विचारलं दंतवैद्य ताईंनी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी साधा मेसेज टाकला, "कुणाकडे काय काय आहे ते लिहा बरं, म्हणजे भिगवणला होड्या ठरवता येतील." यादी आली आणि चर्चेचा सूरच बदलला. ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची लेन्स पाच जणांकडे. साधारण दहा जणांकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आणि जोडीला दोनशे-अडीचशे मिलिमीटरपर्यंत जाणारी स्वस्तातली टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. उरलेल्या बारा जणांकडे मोबाइल.

आता भिगवण म्हणजे काय, ते सांगायला हवं. भीमेवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि मागे पाणी पसरलं ते पार इंदापूर, दौंड, करमाळ्याच्या शिवारांत. पुणे-सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण, आणि तिथून आत कुंभारगाव, डिकसळ ही पक्षी बघणाऱ्यांची गावं. थंडीत तिथे पट्टकादंब येतात, कुरव येतात, चित्रबलाक तर असतातच. पण लोक जातात ते रोहित पक्ष्यासाठी, म्हणजे फ्लेमिंगोसाठी. स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात, थव्याजवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवतात. ज्याच्याकडे साधन आहे त्याच्यासाठी पुण्याजवळ याहून चांगली जागा नाही, हे मी आजही म्हणेन.

प्रश्न साधनाचाच होता. एका मुलाने वहीत गणित मांडून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. होडी थव्यापासून साठ मीटरवर थांबली असं धरा. जवळ गेलं तर पक्षी उडतात आणि जाऊही नये. फ्लेमिंगो उभा असतो सव्वा ते दीड मीटर. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट साठ मीटरवर सुमारे ५५ मीटर उंचीचं दृश्य घेते. म्हणजे पक्षी चौकटीच्या चाळिसाव्या भागाएवढा: एक गुलाबी ठिपका. किट कॅमेऱ्यावर दोनशेची लेन्स लावली तर तेच दृश्य पाचेक मीटरचं होतं आणि पक्षी चौकटीचा चौथा हिस्सा भरतो. फोटो मिळतो, पण पिसांतला तपशील विसरा. चारशेची लेन्स लावली तर अर्धी चौकट भरते, आणि तिथून पुढे मजा सुरू होते. थोडक्यात, पाच जणांना फोटो, दहा जणांना आठवण आणि बारा जणांना होडीतली सैर.

मोबाइलवाल्यांनी थव्याचा, पाण्याचा, होडीचा मोठा देखावा टिपावा, हा मुद्दाही आला. बरोबरच आहे. पण होडीत सहा माणसं बसतात, उठायचं नाही, जागा बदलायची नाही, आणि थवा ज्या बाजूला असेल त्या बाजूला बसलेल्यांची चंगळ. दुसऱ्या बाजूच्यांच्या फोटोत पुढच्याचं डोकं. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी. शिवाय सत्तावीस माणसं म्हणजे पाच होड्या, आणि पाच होड्या एकाच थव्याकडे निघाल्या तर थवा कशाला थांबेल?

शेवटचा धक्का होडीवाल्याकडून आला. आमच्यातल्या एकाचा जुन्या ओळखीचा माणूस, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "पाणी अजून लई हाय साहेब. पाखरं हायेत, पण लांब. उथळ झाल्याबिगर ती काठाला यायची न्हाईत. महिन्याभरानं या." हे शास्त्राला धरूनच आहे. फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो, त्याला गुडघाभर पाणी आणि गाळ लागतो. पाऊसमान चांगलं होऊन धरण तुडुंब भरलं की थंडी आली तरी उथळ जागाच नसतात. शेतीला पाणी सोडून पातळी उतरली की दलदल उघडी पडते. म्हणजे पाऊस चांगला झाला की फ्लेमिंगोचा हंगाम लांबतो. कॅलेंडरकडे बघून हे कळत नाही, फोन करूनच कळतं.

भिगवण असं मागे पडलं. सहाशेची लेन्स असलेले आमचे काका भडकले. "मग आमच्या लेन्सांचं काय लोणचं घालायचं?" त्यांचा राग रास्त होता. चौदा मतांतलं एक मत त्यांचं होतं आणि त्यांनी ते विचार करून दिलेलं होतं.

बाकीची दोन नावं

लोणारला सहा मतं पडली, त्यांतली बरीचशी २०२० सालच्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं त्या फोटोंना पडली असावीत. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, तो काही कायम नसतो. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं विवर, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यास, काठची देवळं, गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाचं कोरीव काम. लोणार बघण्यासारखंच आहे. पण पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात एका रविवारात जाऊन येणं म्हणजे दिवस गाडीत घालवणं, आणि विवरावर पोचायचो ते ऐन दुपारच्या सपाट उजेडात. मुक्काम हवा. मुक्काम म्हटला की सत्तावीसचे तेरा होतात. विषय पाच मिनिटांत संपला.

निघोजवर मात्र खरी चर्चा झाली, दोनच मतं असूनही. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात वाहत्या पाण्याने आणि त्यात घुमणाऱ्या दगडगोट्यांनी काळा खडक कोरून काढलाय. त्या रांजणखळग्यांचे आकार असे आहेत की मोबाइलवाल्यालाही फोटो मिळतो आणि वाइड लेन्सवाल्यालाही. पुण्याहून जवळ, एका दिवसात होणारं. मला स्वतःला ते पसंत होतं. आडवा आला तो खडकाचा काठ. खळग्यांच्या कडा गुळगुळीत, खाली खोल पाणी, आणि फोटो काढणारा माणूस डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकतो. दोघं-तिघं असतील तर एकमेकांवर नजर ठेवता येते. सत्तावीस जण पात्रभर पांगले, त्यात दोघांचे गुडघे बदललेले, तर जबाबदारी कुणाची? ग्रुपला अध्यक्ष नाही, विमा नाही, आहे तो एक ॲडमिन. त्याने सरळ हात वर केले आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. शिवाय निघोजला विषय एकच. तो संपला की ऊन तापेपर्यंत दुसरं काही हाताशी नाही.

मेणवलीच का

चर्चेत हळूहळू एक प्रश्न वर आला आणि पुढचं सगळं त्याच प्रश्नावर ठरलं. सकाळी सात ते साडेनऊ या वेळात, एकमेकांच्या चौकटीत न येता, किती माणसं एका जागी काम करू शकतील? हा प्रश्न एकट्या फोटोग्राफरला पडत नाही. तो पहाटे जातो, हवी ती जागा पकडतो. ग्रुपचं तसं नाही. एकाच देखाव्याची, एकाच कोनाची जागा असेल तर पहिले चार ट्रायपॉड लागले की बाकीच्यांनी काय त्या चौघांच्या पाठी टिपायच्या?

मेणवली या कसोटीला उतरते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागे नदीकडे उतरणारा दगडी घाट, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. पायऱ्या भरपूर आणि लांबवर पसरलेल्या, त्यामुळे माणसं पांगतात. कुणी पाण्यातली प्रतिबिंबं घेतो, कुणी शिखरं, कुणी पायऱ्यांच्या रेघा. ऊन कडक झालं की वाड्यात शिरायचं. चौकातून येणारा उजेड, लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं. म्हणजे दहानंतरचे, एरवी फुकट जाणारे दोन तास इथे कामी येतात. हे माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार कारण होतं. नंतर वाईत जेवण, ढोल्या गणपती, परत.

पोलमध्ये ही जागा मागे का राहिली तेही उघड होतं. "मेणवली? तिथे शूटिंगवाले असतात, सगळ्यांनी काढून झालंय." हेही खरंच. हिंदी-मराठी चित्रपटांत हा घाट इतक्या वेळा आलाय की पुण्याच्या माणसाला तो पाहिल्यासारखाच वाटतो. पण विचारलं तेव्हा कळलं की सत्तावीसपैकी जेमतेम आठ जण तिथे प्रत्यक्ष गेले होते.

एका मुलाला आकाशगंगा हवी होती. आदल्या रात्रीच घाटावर जाऊ आणि देवळामागे ती टिपू, असा त्याचा बेत. त्याला समजावावं लागलं की डिसेंबर-जानेवारीत आकाशगंगेचा तेजस्वी गाभा सूर्याच्याच दिशेला असतो, रात्री दिसत नाही. फेब्रुवारीपासून तो पहाटेच्या आधी आग्नेयेला वर येऊ लागतो, आणि आपल्याकडे पावसाळ्याआधीचे मार्च ते मे हे महिने त्यासाठी चांगले. त्यातही अमावास्येच्या आसपासचे दिवस आणि शहरापासून लांबची जागा. वाईच्या इतक्या जवळ तसा अंधार मिळणं कठीण. त्याची मागणी एप्रिलवर ढकलली.

तारीखही बदलावी लागली. २६ जानेवारी सोमवारी आली होती, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीला निघालेलं अर्धं पुणे सुरूर फाट्यावर. वाईला त्याच फाट्यावरून वळायचं असतं. फेब्रुवारीचा पहिला रविवार धरला.

आधी जाऊन पाहणं

आठवडाभर आधी दोघं जण शनिवारी सकाळी जाऊन आले. ग्रुपच्या सहलीत हा खर्च आणि ही दगदग फालतू वाटते, पण मला विचाराल तर ठिकाणाची निवड तिथेच पुरी होते. ते काय काय बघून आले ते सांगतो. घाटावर ऊन आधी शिखराला लागतं, पायऱ्यांवर उतरायला बराच वेळ घेतं. तोवर आकाश उजळलेलं आणि काळा दगड सावलीत, म्हणजे एका फोटोत दोन्ही धरायचं तर दोन-तीन वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेऊन जोडावे लागणार. पाणी खालच्या पायऱ्यांपर्यंत होतं, काठाला थोडी जलपर्णी. धोम धरण वरच्या अंगाला असल्यामुळे पातळी पाणी सोडण्यावर ठरते. आपण जाऊ तेव्हा किती असेल याचा भरवसा नाही. गाडी कुठे लावायची, वाडा किती वाजता उघडतो, त्या दिवशी कुणाचं शूटिंग ठरलंय का, हे वाड्याची देखभाल करणाऱ्यांना विचारून आले. आणि स्वच्छतागृह. हा मुद्दा पुरुषमंडळींच्या यादीत नव्हता. ताईंनी तो पहिल्या ओळीत लिहून दिला होता. पहाटे पाचला निघालेल्या बायकांना सात वाजता नदीकाठी सोडलं की पुढचे चार तास त्यांनी काय करायचं, याचं उत्तर नसेल तर ते ठिकाण ग्रुपसाठी बाद. महामार्गावरचं एक हॉटेल नक्की केलं आणि वाड्याजवळच्या एका घरी सोय लागली.

निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर चार ओळींचे नियम गेले. आंघोळ करणाऱ्यांचे, कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. "आजी, परत एकदा पायऱ्या चढून दाखवा" हा प्रकार नाही. वाड्यातल्या चित्रांवर फ्लॅश नाही. ड्रोन नाही. ड्रोनवरून थोडी कुरबूर झाली, कारण एकाने नवा घेतला होता. पण परवानगी आणि नकाशावरच्या मनाईच्या जागा बघण्याआधी मूळ मुद्दा असा की त्याची घरघर सुरू झाली की बाकीच्या सव्वीस जणांची सकाळ संपते.

प्रत्यक्ष दिवस

सतरा सीटरची एक ट्रॅव्हलर आणि दोन गाड्या पाचला कात्रजहून सुटल्या. खंबाटकी चढून सुरूर फाट्यावर पहिला चहा, आणि पावणेसातला मेणवली. घाटावर पोचतो तर पायऱ्यांच्या मधोमध पांढऱ्या घोळदार झग्यातली नवरी, सूटमधला नवरदेव आणि रंगीत धुराच्या नळकांड्या घेतलेली तीन पोरं. प्री-वेडिंग! आधीच्या पाहणीत हे कळणं शक्यच नव्हतं. आमच्यातल्या दोघांनी जाऊन गोडीगुलाबीने बोलणी केली. त्यांना पायऱ्यांचा मधला भाग पाऊण तास, तोवर आम्ही देवळांकडे आणि वरच्या अंगाला, मग अदलाबदल. त्यांचा फोटोग्राफर बिचारा एकटाच होता. आमच्यातल्या एकाने त्याचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवायचा पडदा, धरला आणि संबंध सुधारले.

धुकं आलं नाही. सगळ्यांच्या डोक्यातल्या फोटोत धुकं होतं. नदीवर नुसती वाफेसारखी पातळ रेघ आली आणि अर्ध्या तासात विरली. पण पायऱ्यांची लांबी कामाला आली. सत्तावीस माणसं घाटावर असूनही कुणी कुणाला "जरा बाजूला हो" म्हणताना ऐकू आलं नाही, आणि अशा सहलींत हे वाक्य दर दोन मिनिटांनी ऐकू येत असतं.

घंटेपाशी मात्र रांग लागली. घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली ही पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा आणल्या आणि त्या देवळादेवळांत गेल्या, त्यांतली ही एक. अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. जागा अंधारी आणि अरुंद, घंटा काळपट, आकृतीचा उठाव कमी. समोरून फ्लॅश मारला की आकृती सपाट होऊन नाहीशीच होते. मोठे कॅमेरेवाले आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवून, श्वास रोखून प्रयत्न करत होते. मोबाइलवाल्या एका काकूंनी पिशवीतून डब्याचं स्टीलचं झाकण काढलं, दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ऊन ह्याच्यावर घे आणि घंटेवर कडेने टाक." तिरप्या उजेडात मेरीचा चेहरा, पदराच्या चुण्या, बाळाचा हात, सगळं सुटं झालं. मग तेच झाकण पाऊण तास हातोहात फिरत होतं. त्या दिवसाचा सर्वांत चांगला तपशिलाचा फोटो मोबाइलवर निघाला, यावर टीव्हीसमोर बसल्यावरही दुमत झालं नाही.

साडेआठच्या सुमारास घाटाच्या खालच्या टोकाला एक कुटुंब आलं. सात-आठ माणसं, बरोबर गुरुजी. दहाव्याचे विधी. मुंडण, पिंड, मग कावळ्याची वाट बघणं. आमचे तीन ट्रायपॉड त्या बाजूला लागलेले होते. आमच्यातल्या एका दादांनी खूण केली, तिघांनी मुकाट्याने गुंडाळलं. इंजिनिअरिंगच्या एका मुलाने हळूच विचारलं, "दादा, लांबून? पाठमोरं? चेहरे नाही दिसणार." दादा म्हणाले, "तुझ्या घरचं असतं तर चाललं असतं का?" त्याने लेन्सवर झाकण लावलं. हा प्रसंग लिहायचं कारण असं की ठिकाण निवडताना आम्ही घाटाकडे दगड, पाणी आणि उजेड म्हणून बघत होतो. घाट वापरातला आहे, गावाचा आहे. त्या टोकाची जागा आमच्या हिशेबात होती, ती गेली. जाणं योग्यच होतं, पण कुठल्याही नदीकाठी ग्रुप नेताना ही शक्यता धरूनच जागा मोजायला हवी.

वाड्यातले दोन तास अपेक्षेप्रमाणे गेले. चौकातला उजेड भिंतीवरून सरकत जातो, त्यामुळे तीच जागा पंधरा मिनिटांनी वेगळी दिसते. नवशिक्यांना उजेड बघायला शिकवायचं तर यापेक्षा सोपा वर्ग नाही. मेणवली दप्तराचं नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचलेल्या एका काकांनी मुलांना पेशवाईतल्या कागदपत्रांची गोष्ट सांगितली. निम्मी मुलं ऐकत होती, निम्मी खांबांचे फोटो काढत होती.

वाईचा कार्यक्रम फसला असंच म्हणेन. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी अठराव्या शतकात बांधलं. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, आणि ती बाजू नदीतून बघण्यासारखी आहे. पण आम्ही पोचलो बाराला. डोक्यावर ऊन, पांढरं आकाश, दर्शनाची गर्दी. फोटो कुणालाच धड मिळाले नाहीत. वाईच्या आळ्यांमधला कृष्णाबाईचा उत्सव हिवाळा सरता सरता सुरू होतो, एकेका आळीचा, एकेका घाटावर. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाशी त्याची परंपरा जोडली जाते. वाई करायची तर त्या दिवसांत, संध्याकाळी, वेगळी करावी. मेणवलीला शेपूट म्हणून जोडू नये. पिठलं-भाकरी खाऊन अडीचला निघालो, महाबळेश्वरची गर्दी मागे ठेवून बोगद्यातून वेळेत पुढे निघालो.

नंतर

टीव्हीसमोरच्या बैठकीला बावीस जण आले, आणि प्रत्येकाकडे दाखवायला काहीतरी होतं. आमच्याकडे हे नेहमी घडत नाही. सहाशेवाल्या काकांनी खंड्या टिपला होता, दगडावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा टिपला होता, आणि शिखरावरच्या चुनेगच्चीतल्या मूर्ती इतक्या जवळून आणल्या होत्या की आम्ही त्या तिथे असूनही पाहिल्या नव्हत्या. तरी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सहल छान झाली. माझ्या लेन्सला काम नव्हतं." ते मान्य करण्यावाचून इलाज नाही. सत्तावीस जणांसाठी निवडलेलं ठिकाण पाच जणांना थोडं अपुरं पडणारच, आणि दरवेळी तेच पाच असतील तर ते पाच एक दिवस ग्रुप सोडतील.

म्हणून भिगवण वेगळं ठरलं. फेब्रुवारीअखेर, पाणी उतरल्याचा होडीवाल्याचा फोन आल्यावर, लांब लेन्सवाल्यांसाठी आणि ज्यांना नुसतं बघायला यायचंय त्यांच्यासाठी. मूळ पोलमधल्या चौदाही जणांना निरोप गेला. "पहाटे साडेतीनला हडपसरला जमायचं" हे त्यात लिहिलेलं होतं. सहा जण आले. एक होडी पुरली. थवा कुंभारगावच्या बाजूला उथळात उतरला होता, होडी बांबूवर सरकवत नेली, काकांची सहाशे अखेर कामाला लागली आणि दुपारी चिलापीच्या कालवणावर सगळ्यांनी ताव मारला.

आता एप्रिलचा पोल चालू आहे. यावेळी प्रत्येक नावापुढे जमायची वेळ, चालायचं अंतर आणि कुठली लेन्स लागेल ते लिहायचं ठरलंय. आकाशगंगेवाल्या मुलाने हरिश्चंद्रगडाचं नाव घातलं होतं, त्याला पहिल्या तासात अकरा मतं पडली. मग कुणीतरी त्यापुढे "चढ तीन तास, मुक्काम गुहेत" असं लिहिलं. सध्या मतं चार आहेत आणि तो ते चौघं घेऊन निघायच्या तयारीत आहे.